खोपा, घेरा आणि पदराखालचं डोकं

ऐतिहासिक मालिकेच्या सेटवर दिवस सगळ्यात आधी उजाडतो तो केशभूषेच्या खोलीत. नऊची शिफ्ट असली की सातला पहिली नटी खुर्चीत येऊन बसते. केस ओले, डोळ्यांवर झोप, हातात चहाचा कागदी कप. पुढच्या पाऊण तासात तिचे खांद्यापर्यंत कापलेले, टोकांना रंगवलेले केस दिसेनासे करायचे असतात आणि तिथे पुण्यातल्या एखाद्या वाड्यातली १८७३ सालची सून बसवायची असते. साहित्य साधंच: काळ्या पिना, आकडे, जाळी, गंगावन, खोबरेलाची बाटली, बारीक दातांची एक फणी. मी हे काम अठ्ठावीस वर्षं केलं.

या सगळ्या काळात माझी एक तक्रार कायम राहिली आणि हे पुस्तक त्या तक्रारीतूनच झालं. मालिकेची तयारी चालू असते तेव्हा साड्यांवर बैठका होतात. काठ कोणता, नथ कशी, पगडी कुठून करून आणायची, यात दिवसच्या दिवस जातात. केसांचं नाव निघालं की ‘ते सेटवर बघून घेऊ’ म्हणून पुढचा विषय सुरू होतो. आणि ज्या काळाची गोष्ट आपण सांगायला बसलोय, त्या काळात माणसानं तोंड उघडायच्या आत त्याचं डोकं सगळं सांगून टाकत असे. मुलीचं लग्न झालंय का, बाईचा नवरा आहे की गेला, या पुरुषाचा बाप नुकताच वारला का, तो वेदपाठी आहे की शिपाईगडी, हे सारं केसांवरून कळायचं. साडी उसनी आणता येई, दागिना गहाण पडे; डोकं बदलता येत नसे. म्हणून केसांचा विचार पटकथेबरोबर व्हायला हवा, चित्रीकरणाच्या सकाळी नव्हे, एवढंच मला या पुस्तकातून सांगायचं आहे.

पुस्तकाचं बीज पडलं ते २०१२ साली. झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानड्यांवरची मालिका सुरू झाली. मी त्या मालिकेवर काम केलेलं नाही, ती मी घरी बसून, इतर प्रेक्षकांसारखीच पाहिली. छोटी रमा तेजश्री वालावलकरनं केली, मोठी स्पृहा जोशीनं, आणि माधवराव, म्हणजे महादेव गोविंद रानडे, विक्रम गायकवाडांनी. गोष्ट सर्वांना माहीत आहे. रमाबाईंचा जन्म १८६२चा. १८७३ साली त्या अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या, तेव्हा महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी गेली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी आता विधवेशीच लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती; वडिलांना तीच धास्ती, म्हणून त्यांनी घाईनं ही सोयरीक जुळवली. पुढे रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात हा संसार लिहिला, ते १९१०मध्ये प्रसिद्ध झालं.

केसांचं काम करणाऱ्या बाईनं ही गोष्ट पाहिली की तिला दोन डोकी दिसतात. एक, फूल माळलेलं अकरा वर्षांचं, जे लग्न होऊन या घरात आलं. दुसरं, त्या न आलेल्या विधवा सुनेचं. पहिल्या डोक्याबद्दल मालिकावाल्यांना बरंच माहीत असतं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. या पुस्तकाची निम्मी पानं त्या दुसऱ्या डोक्यासाठी आहेत, आणि प्रस्तावनेतही मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आधी पहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या सवाष्ण बाईच्या केसांबद्दल पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती तेल. केस रोज धुतले जात नसत. आठवड्याचं न्हाणं, त्याला शिकेकाई नाहीतर रिठे, आणि मधले सगळे दिवस खोबरेलानं चापून बसवलेले केस. मध्ये सरळ भांग, दोन्ही बाजूंचे केस कानांवरून मागे ओढलेले, डोक्याचा आकार जसाच्या तसा दिसेल इतके सपाट. पडद्यावर आपण पाहतो ते शाम्पूनं फुललेले, ड्रायरनं उचललेले, वर थोडा फुगा काढलेले केस. साडी, नथ, चंद्रकोर सगळं बरोबर असूनही ती बाई आजची का वाटते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दोन बोटांच्या फुग्यात असतं. मी नटींना समजावून थकले. तेल लावलं की चेहरा लहान दिसतो, केस विरळ वाटतात, ही त्यांची भीती खरी आहे. पण चेहऱ्यावरचं कुंकू, नथ, कानांतल्या बुगड्या या सगळ्याची मांडणी त्या चापलेल्या केसांना धरूनच झालेली आहे. केस फुगवले की बुगडी झाकली जाते आणि नथ एकटी पडते.

वाकडा भांग तर फार पुढचा, विसाव्या शतकातला. तो पाडणारी मुलगी तेव्हाही घरच्यांच्या डोळ्यांत खुपत असे. १८८०मधल्या सुनेला वाकडा भांग दिला की तिच्या तोंडी कितीही जुने शब्द घाला, त्यांचा उपयोग होत नाही.

मागच्या बाजूला बुचडा, अंबाडा किंवा खोपा. या तीन शब्दांच्या सीमा गावागावाला बदलतात आणि त्यावर वाद घालण्यात मी पुष्कळ वेळ घालवला आहे. साताऱ्याकडच्या बायका ज्याला खोपा म्हणतात त्याला कोकणातली एखादी अंबाडा म्हणेल. मी पुस्तकात शब्दापेक्षा कृती धरली आहे: केसांना पीळ देऊन गाठ मारली की बुचडा, वेणी घालून किंवा न घालता चक्राकार बसवलं की अंबाडा, आणि पीळ फिरवून शेवट आतच खोचून, पिनेशिवाय राहील असा बांधला की खोपा. त्यावर राखडी, मूद, केतक, अग्रफूल, आणि ऐपतीप्रमाणे सोनं नाहीतर नुसती फुलं. वेणी घालायची तर तिपेडी, चौपेडी, पाचपेडी, आणि शेवटाला आगवळ. केस कमी पडले तर गंगावन. हा उसना केस आमच्या आज्यापणज्यांनाही चालत असे, तेव्हा नटीला तो लावताना काही खोटं केल्यासारखं वाटून घेऊ नये.

मोकळ्या केसांबद्दल मात्र मला जरा ठणकावून सांगायचं आहे. रात्रीचा प्रसंग, समईचा उजेड, नवराबायको बोलताहेत, आणि बाईचे कमरेपर्यंतचे केस पाठीवर सुटलेले, ही चौकट दर मालिकेत येते. त्या काळच्या घरात केस मोकळे असायचे ते न्हाऊन वाळवताना, शोकात, किंवा देवीचं वारं अंगात आल्यावर. ‘केस मोकळे सोडून हिंडू नकोस’ हे माझ्या पिढीतल्या मुलींनीसुद्धा रोज ऐकलं आहे. मग ही मोकळ्या केसांची आवड आली कुठून? माझ्या मते बरीचशी रविवर्म्याच्या छापील चित्रांतून. १८९४ साली त्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पाठीवर केस सोडलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. त्या देवी आहेत. देवीचे केस मोकळे असणं आणि सदाशिव पेठेतल्या सुनेचे मोकळे असणं यात फार अंतर आहे. कलादिग्दर्शक भिंतीवर चित्र टांगतात ते ठीक. त्या चित्रातले केस नायिकेच्या डोक्यावर आणू नयेत.

दुसरी चूक सरसकटपणाची. पडद्यावर सगळ्या बायकांचा खोपा एकाच साच्यातला. मालकीण, स्वयंपाकीण, कुणबीण, भाजीवाली, सगळ्या एका रांगेत बसवून उरकलेल्या. शेतावर काम करणाऱ्या बाईचा बुचडा घट्ट आणि खाली असतो, डोक्यावर पाटी घ्यायची म्हणून. कोळणीच्या अंबाड्यावरची फुलांची वेणी वेगळी, गोव्यातल्या बाईची अबोलीची फाती वेगळी. ‘सावित्रीजोती’सारखी २०२०मधली मालिका फुल्यांच्या घराची गोष्ट सांगते, तर ‘स्वामिनी’ पेशव्यांच्या वाड्यातली. या दोन घरांतल्या बायका एकमेकींच्या शेजारी उभ्या केल्या तर नुसत्या केसांवरून ओळखू यायला हव्यात.

पुरुषांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांचा प्रश्न एकच आहे: पगडीखाली काय? पेशवाईतल्या आणि नंतरच्या ब्राह्मण पुरुषाच्या डोक्याला घेरा असे. पुढचं आणि कडेचं डोकं वस्तऱ्यानं गुळगुळीत, माथ्यावर गोल राखलेले केस आणि त्यांची शेंडी. पगडी या तासलेल्या कपाळावर बेतलेली वस्तू आहे. आजचा नट इतर कामं सांभाळायची म्हणून डोकं करत नाही, त्यात त्याची चूक नाही. पण त्याच्या दाट केसांवर पगडी चढवली की ती डोक्याला बसत नाही, डोक्यावर ठेवल्यासारखी दिसते. मग दिग्दर्शक ती कधीच उतरवू देत नाही. जेवताना पगडी, झोपायच्या खोलीत पगडी. १९८७ साली दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची, रवींद्र मंकणींचे माधवराव पेशवे आणि मृणाल देवची रमा, तेव्हापासून मी ही गोष्ट पाहत आले आहे. जेम्स वेल्सनं १७९०च्या दशकात पुण्यात काढलेल्या नाना फडणिसांच्या चित्रातही पगडी डोक्यावरच आहे, कारण ते दरबारी चित्र. घरातला नाना कुणी रंगवला नाही. मालिका घरातलाच प्रसंग दाखवते आणि चित्र दरबारातलं वापरते.

शंभर वर्षं मागे गेलं की सगळंच उलटतं. वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ साली शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र उजेडात आणलं आणि त्याआधी महाराजांचं म्हणून छापलं जाणारं भलत्याच माणसाचं चित्र मागे पडलं. महाराजांची सतराव्या शतकातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत मंदिलाखालून मानेवर उतरलेले केस आहेत, कल्ले आहेत, टोकदार दाढी आहे. म्हणजे ‘राजा शिवछत्रपती’ किंवा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये अमोल कोल्ह्यांच्या डोक्यावर लांब केस दिसले तर त्याला आधार आहे. तोच टोप पेशवाईच्या मालिकेत एखाद्या तरुण ब्राह्मण कारकुनाला घातला, तर मात्र शतकाची गफलत होते. टोप हा शब्द आमच्या धंद्यात संगीत नाटकापासून आहे. स्त्रीपार्टी करणारे नट टोप लावत, काही जण स्वतःचेच केस वाढवत. बालगंधर्वांनी गजरा कसा माळला हे पाहून बायका घरी जाऊन तसा माळत. महाराष्ट्रातल्या बायकांनी केसांचं एक वळण एका पुरुषाकडून उचललं, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. त्यावर पुस्तकात एक प्रकरण आहे.

आता दुसरं डोकं.

मी लहान असताना आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी माझ्या वडिलांची आत्या राहायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. तेराव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि दहा दिवसांच्या आत तिचे केस काढले. मी पाहिली तेव्हा ती सत्तरीला आलेली होती, तांबडं आलवण नेसायची. मालिकांमध्ये विधवा म्हटलं की पांढरं लुगडं येतं. आमच्याकडच्या सोवळ्या, म्हणजे केस काढलेल्या, बायका बहुतेक तांबड्या आलवणातच असत, आणि तो तांबडा रंग लग्नाच्या शालूचा नव्हे, विटक्या विटेसारखा. दोन-तीन आठवड्यांनी न्हावी मागच्या दारानं यायचा. आम्हा मुलांना पुढच्या अंगणात पिटाळलं जाई. भिंतीपलीकडून वस्तऱ्याला धार लावल्याचा आवाज येई, मग बराच वेळ काही नाही, मग विहिरीवर पाण्याचा आवाज. त्या दिवशी ती दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसे.

घरातल्या प्रत्येक बाईची फणेरपेटी होती: आतल्या कप्प्यात फणी, आरसा, मेण, कुंकवाची डबी. आत्याआजीची नव्हती. पण शाळेत जायच्या आधी आम्हा चौघी मुलींच्या वेण्या तीच घालायची. आमचीच फणी घ्यायची, आमच्याच आरशाकडे पाठ करून बसायची. हात विलक्षण चालायचा. पाचपेडी वेणी ती बोलता बोलता घालायची आणि ती संध्याकाळपर्यंत सैल होत नसे. मी वेणी घालायला तिच्याकडून शिकले. तेराव्या वर्षानंतर तिला स्वतःच्या केसांवर कधी हात फिरवता आला नाही, आणि ती साठ वर्षं दुसऱ्यांचे केस विंचरत राहिली, हा हिशोब मला फार उशिरा, ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळला.

म्हणूनच पुढे एका मालिकेच्या सेटवर जे झालं ते मला सहन झालं नाही. सतरा वर्षांच्या विधवेची भूमिका होती. टकलाची टोपी लावायची तर दीड तास लागतो: नटीचे केस सपाट बांधायचे, वरून रबराची पातळ टोपी चढवायची, कडा गोंदानं चिकटवून पातळ करायच्या, मग त्वचेच्या रंगाशी रंग जुळवायचा. दिव्यांच्या उष्णतेत घाम आला की कानामागची कड सुटते आणि पुन्हा सगळं. रोजच्या मालिकेला रोज दीड तास परवडत नाही. निर्मितीकडून निरोप आला, ‘डोक्यावर पदर आहेच, आत कोण बघतंय?’ मी वाद घातला, मग ऐकलं. ते ऐकायला नको होतं. नटीचे केस मागे घट्ट बांधले, वर आलवणाचा पदर. प्रसंगात ती सासऱ्यांपुढे वाकून नमस्कार करते. ती वाकली आणि पदराखाली अंबाड्याचा स्पष्ट उंचवटा दिसला. तसाच तो भाग प्रसारित झाला.

आठवड्यानं एका वृद्ध बाईंचं पत्र आलं. त्यांनी फार रागावून लिहिलं नव्हतं. त्यांच्या आईचं डोकं केलेलं होतं, आणि पदर अशा डोक्यावर कसा पडतो ते त्यांनी चार ओळींत सांगितलं होतं: मागे आधार नसल्यामुळे तो सपाट पडतो, सारखा घसरतो, म्हणून त्या बायका तो कानांमागे ओढून घट्ट धरतात, आणि त्यामुळे त्यांची मान नेहमी किंचित पुढे असते. ते वाचलं आणि आत्याआजीची मान माझ्या डोळ्यांपुढे आली. ती वयानं वाकली आहे असंच आम्ही समजत होतो.

त्यानंतर मी या विषयाचं वाचन सुरू केलं आणि कळलं की मालिका जी गोष्ट चुकवतात ती एवढी एकच नाही. केशवपनाचा प्रसंग आला की एक ठरलेली चौकट असते: रडणारी मुलगी, कठोर सासू, आणि वस्तरा हातात घेतलेला गडद चेहऱ्याचा न्हावी, जणू काही तोच कसाई. इतिहास वेगळं सांगतो. १८९० साली मुंबईत नाभिक मंडळींनी सभा भरवून विधवांचे केस काढणार नाही असं ठरवलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंड्यांसारख्या सत्यशोधक कार्यकर्त्याचा पुढाकार होता, ज्यांनी आधी गिरणी कामगारांची संघटना बांधली होती. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्यानं तो खाली ठेवला. एवढा नाट्यमय प्रसंग तयार असताना मालिकांना तो न्हावी खलनायकच का हवा असतो, हे मला समजत नाही. एखाद्या पटकथाकारानं तो सभेहून घरी परतलेला न्हावी लिहावा, त्याच्या बायकोशी त्याचं झालेलं बोलणं लिहावं. केस काढायचे दोन आणे बुडाले म्हणून ती रागावली असेल, की सुटकेचा श्वास टाकला असेल?

आणि ही चाल सगळ्या महाराष्ट्राची नव्हती. ती मुख्यतः ब्राह्मणांची, आणि त्यांचं पाहून चालणाऱ्या काही वरच्या जातींची. मराठा किंवा कुणबी घरातल्या विधवेचं डोकं केलेलं दाखवलं तर ते साफ चूक आहे. फुले दांपत्यानं १८६३ साली पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते ब्राह्मण विधवांची दशा पाहून. हे करणारी माणसं त्या जातीची नव्हती, ही गोष्ट डोक्यांवरून दिसली पाहिजे: सावित्रीबाईंचा भांग, आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या बाईचं पदराखालचं डोकं.

पेशवाईतल्या पार्वतीबाई तर अजून कुणी नीट दाखवलेल्याच नाहीत असं माझं मत आहे. १७६१मध्ये सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण त्यांच्या पत्नीनं ते मानलं नाही. त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही, सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत. वाड्यातल्या इतर बायका विधवा झाल्या, सोवळ्या झाल्या, आणि ही बाई रोज भांग पाडत राहिली. पुढे भाऊचा तोतया उभा राहिला, त्या सगळ्या राजकारणाला या एका बाईच्या न उतरवलेल्या कुंकवाची पार्श्वभूमी आहे. ती रोज सकाळी केस विंचरते एवढं एक दृश्य, एकही संवाद नसलेलं, मला कुठल्यातरी मालिकेत बघायचं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी कोणत्याच पडद्यावर पाहिलेली नाही: वाढत असलेले केस. आगरकरांनी १८८८मध्ये ‘सुधारक’ हे पत्र काढलं आणि केशवपनावर आसूड ओढला. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये शारदासदन काढलं. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये लग्न केलं. हे सगळं शाळेत शिकवलं जातं. पण ज्या विधवेनं केस ठेवायचं ठरवलं, तिचे केस एका रात्रीत खोप्याइतके झाले नाहीत. आधी हाताला टोचणारी खुंटं, मग बोटभर केस जे ना विंचरता येत ना झाकता येत, मग मानेपर्यंत, आणि तोवर वर्ष उलटतं. त्या वर्षभर ती गल्लीतून कशी चालली असेल, तेलाची वाटी पहिल्यांदा मागताना तिला काय वाटलं असेल? गोदूबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले. त्या केस काढलेल्या अवस्थेतच कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत फिरल्या आणि पुष्कळ नंतर त्यांनी केस ठेवले. पंडिता रमाबाईंची आखूड केसांची छायाचित्रं आहेत, ती तर कुणालाही पाहता येतात. मालिकेला बोटभर केसांचा टोप करून घेणं काही अवघड नाही, टकलाच्या टोपीपेक्षा सोपंच. पुस्तकात त्या तिन्ही अवस्थांच्या आकृत्या दिल्या आहेत, टोप कसा बांधायचा त्याच्या मापांसह. कुणीतरी तो करून घ्यावा म्हणूनच दिल्या आहेत.

आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द. हिंदी चित्रसृष्टीत अनेक दशकं असा नियम होता की रंगभूषा पुरुषांनी करायची आणि बायकांना ओळखपत्र मिळायचं ते फक्त केशभूषेचं. नोव्हेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. मला त्या निकालाचा आनंद झाला, आजही आहे. पण त्या नियमामुळे एक गोष्ट नकळत घडून गेली होती. केसांची सगळी विद्या बायकांच्या हातात राहिली, आईकडून मुलीकडे, थोरल्या मदतनिसाकडून धाकटीकडे, आणि कागदावर जवळजवळ काहीच आलं नाही. माझ्या आधीच्या पिढीतल्या ज्या बायकांनी मला पिनेशिवाय अंबाडा बसवायला शिकवलं, त्यांची नावं श्रेयनामावलीत शेवटच्या ओळीत, तीही निसटत्या वेगानं जात. हे पुस्तक त्यांचंही आहे.

शेवटी माहिती कशी मिळवली ते सांगायला हवं. जुनी छायाचित्रं समोरून काढलेली असतात. बाई खुर्चीवर, नवरा शेजारी उभा, बाईच्या डोक्यावर पदर. केसांची मागची बाजू, म्हणजे जिथे सगळं काम असतं ती, त्यांत कधीच येत नाही. रविवर्म्याच्या तैलचित्रांत ती कुठे कुठे मिळते, मूर्तींमध्ये मिळते, आणि मुख्य म्हणजे जुन्या बायकांच्या हातांत मिळते. आठ वर्षं मी म्हाताऱ्या बायकांकडे जात राहिले, बरोबर माझी भाची आणि तिचे लांब केस घेऊन.

साताऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या नव्वदी ओलांडलेल्या बाईंनी मला पिनेशिवायचा खोपा दाखवला. त्यांनी तो पन्नास वर्षांत बांधला नव्हता. पाटावर भाचीला बसवलं, त्या मागे चौरंगावर. पहिल्यांदा पीळ सुटला. दुसऱ्यांदा गाठ बसली पण शेवट खोचेना, बोटं थरथरत होती. त्या चिडल्या, भाचीला म्हणाल्या, ‘हलू नकोस गं, तुझे केस निसरडे आहेत, तेल लावून यायचं ना.’ मग घरातून खोबरेल मागवलं, तळहातावर घेतलं, भाचीच्या टाळूवर थापलं, केस पुन्हा ओढले, आणि तिसऱ्यांदा पीळ फिरवून शेवट आत सारला तो बसला. मी वेळ मोजला, चाळीस सेकंद लागले. त्यांनी वरून हलकेच थोपटून पाहिलं आणि भाचीला उठायला सांगितलं. भाची संध्याकाळी एसटीनं घरी आली तेव्हाही तो खोपा तसाच होता. दुसऱ्या दिवशी तिनं तो सोडायच्या आधी मी मागच्या बाजूनं त्याची आकृती काढली, पुस्तकात पहिल्या पानावर आहे ती.